दुसऱ्या पानावर अडलेली ठवणी

मित्रांनो, मी एक सागवानी ठवणी आहे. वयाने जुनी आणि स्वभावाने वैतागलेली. ठवणी म्हणजे पोथी उघडून ठेवायची लाकडी घोडी. कचरू सुताराने एकाच फळीतून मला अशी कोरली, की खिळा नाही, सरस नाही, तरी मी उघडते आणि मिटते. १९३८ साली जालन्याच्या मस्तगड भागात जगन्नाथपंतांच्या ओसरीवर मी आले.

पंत निवृत्त शिक्षक. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. नजर जाण्याआधी योगावरचा प्राचीन सूत्रग्रंथ एकदा अर्थासह पुरा वाचायचा, आणि तोही चार माणसांना ऐकवत, एवढीच त्यांची इच्छा होती. मूळ ग्रंथ संस्कृत, म्हणून भाषांतर हवे. तिथेच घोडे अडले.

शेजारचे श्रीपतीशास्त्री एक जाडजूड भाषांतर घेऊन आले. त्यातले मराठी असे, की त्याचेच पुन्हा मराठी करावे लागले असते. कचेरीतले कारकून नरहरराव सरकारी शाळेत उर्दूतून शिकलेले. त्यांनी हैदराबादेहून उर्दू भाषांतर मागवले. पंतांकडे पुण्याहून आलेले एक पातळ, साधे मराठी पुस्तक होते. दर सोमवारी तिघे बसत. एक पुस्तक माझ्यावर चढे, दुसरे उतरे, आणि वाद सुरू होई.

वाद कशावर? 'निरोध' या एका शब्दावर. तो दुसऱ्याच पानावर येतो. शास्त्रीबुवा म्हणत, "निरोध तसाच राहू द्या. मराठी केलंत की अर्थ बिघडला." नरहरराव म्हणत, "अहो, इथं बिलकुल साफ लिहिलंय, रोकना. मंग झालं की!" दोघांचा आवाज चढला की पंत म्हणत, "पुढच्या सोमवारी ठरवू."

तीन वर्षे, मित्रांनो! तीन वर्षांत माझ्यावर एकदाही तिसरे पान उघडले नाही. अडकित्त्याने सुपारी फुटत होती, चहा होत होता, शब्द मात्र तिथेच होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

ओसरीच्या कडेला कधी कधी पुंजाराम बसे. तो पिंपळगाव रेणुकाईचा शेतकरी. दोन दिवस गाडी हाकून मोंढ्यात ज्वारी आणी आणि माल विकला की पंतांकडे येई. एका सोमवारी त्याच्याने राहवले नाही.

"पंत, माझं पोरगं पटकीच्या साथीत गेलं. तवापासून मन जाग्यावर न्हाई. ह्या पुस्तकात मनाचा इलाज हाय, असं तुम्हीच म्हन्ला व्हता. म्हणून येऊन राह्यलो. मंग सांगा की."

"अरे, आधी भाषांतर तर ठरू दे," शास्त्रीबुवा म्हणाले.

पुंजारामने तिन्ही पुस्तकांकडे पाहिले. पागोटे नीट केले. "ठरवा बराबर," एवढेच म्हणून तो उठून गेला. पुढे चार महिने त्याची गाडी मस्तगडात आली नाही.

वाद मात्र चालूच होता. एके दिवशी दोघे हमरीतुमरीवर आले आणि पंत माझ्यावरच्या पुस्तकावर वाकले. त्यांच्या पत्नी रमाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या.

"पुस्तक उलटं आहे," त्या हळूच म्हणाल्या.

पंतांनी पानावर बोटे फिरवली. "असेल. दिवाळीपासून अक्षर दिसत न्हाई मला."

रमाबाईंनी चहाचे पेले खाली ठेवले, ते जरा आपटूनच. "वाचणाऱ्याचे डोळे गेले. ऐकणारा निघून गेला. आता ठरवा निवांत!"

लग्नानंतर पंतांनीच त्यांना अक्षरओळख करून दिली होती. रमाबाईंनी ते पातळ पुस्तक उचलले, मला मिटून काखेत मारले आणि म्हणाल्या, "गाडी सांगा. पिंपळगावला जायचंय."

पुंजारामच्या पडवीत, पंतांना शेजारी बसवून, त्या चार दिवस वाचत होत्या. दुसऱ्या पानावर तो शब्द आलाच. पुस्तकात 'आवरणे' असे लिहिले होते.

"आवरायचं म्हंजी कोंडायचं?" पुंजारामने विचारले. "कोंडला तर बैल बी मारतो."

"मला नेमका शब्द सापडला न्हाई, पुंजाराम," पंत म्हणाले. "पुढं ऐकू. दोघंही ऐकू."

आणि पान उलटले. पुढे अभ्यासाचा भाग आला. मन एकदम स्थिर होत नाही, रोज, पुष्कळ दिवस, नेटाने यत्न करावा लागतो, असे काहीसे होते.

पुंजाराम उपरण्याने डोळे पुसत म्हणाला, "रोज ना? मंग जमंल. औत बी रोजच हाकावं लागतं."

पंतांनी हात पुढे केला. तो चाचपडत पुंजारामच्या गुडघ्यावर टेकला आणि तिथेच राहिला.

आता पंत नाहीत. माझ्यावर लोणच्याची बरणी ठेवतात. तेलाने माझे लाकूड काळवंडले आहे आणि एका बाजूला चीर गेली आहे. मित्रांनो, बरणी तेवढी उतरवा. माझ्यावर एखादे पुस्तक ठेवा, कुणाचेही, कोणत्याही भाषेतले. त्यावर भांडायचे असेल तर जरूर भांडा, पण शेवटचे पान वाचून झाल्यावर.