पेन्सिलीतला आकडा

हंबीररावांनी मशीन पारखायच्या आधीच त्याच्यापुढं नारळ फोडला आणि खोबरं आपल्या अख्ख्या कारखान्यात वाटूनही टाकलं. आता या माणसाला काय म्हणावं! उद्यमनगरात इंजिनं बनवण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नाही, तो गडी चकाचक यंत्र दिसलं की पार पाघळायचा.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मशीन होतं कारखान्याची जुनी ड्रॉइंगं फिल्मवर उतरवायचं. मुंबईच्या विक्रेत्यानं आणलेलं. एकीकडून ड्रॉइंग घाला, रुळांतून सरसर दुसरीकडं बाहेर, तेवढ्यात आत फोटो निघालेला. वाळवी लागलेलं कपाटभर काम एका डब्यात मावणार होतं. मग मूळ ड्रॉइंगं जाळून टाकायची, असा हंबीररावांचा हुकूम.

ते ऐकून नंदिनी हातातलं काम टाकून धावत आली. ड्रॉइंग ऑफिस आता तिच्या हाताखाली होतं, पण ती कापडी ड्रॉइंगं तिच्या वडिलांनी, दत्तोपंतांनी, उभ्या हयातीत काढलेली. इंजिन चालवून बघायचं, कुठं घासतंय ते हेरायचं आणि बदललेलं माप शाईच्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं टिपायचं, ही पंतांची रीत. खरं माप पेन्सिलीचं, शाईचं नुसतं शोभेला. ते पुसट आकडे फिल्मवर आले नाहीत आणि मूळ ड्रॉइंगं जळाली, तर बापाची सगळी उमर चुलीत गेली. पंतांची नजर अधू झालेली. त्यांना स्वतःचं अक्षरसुद्धा लागत नव्हतं, मग पुन्हा काढणार कोण?

"साहेब, जरा थांबा," ती म्हणाली. "पुण्याचं दुसरं मशीन आज येतंय. दोन्हींवर आपलंच एक ड्रॉइंग उतरवून बघू."

"नारळ फोडलाय की मी! अन् या मुंबईच्या पावण्यांनी कागद काढून दाखवला न्हवं? आरशागत आलाय."

"तो त्यांचा कोरा करकरीत कागद. गंगावेशीत म्हशीचं दूध तुम्ही किटलीतलं पिता का?"

"छ्या! समोर धार काढून घेतो."

"मग इथंही समोरच धार काढू दे की."

कामगार फिदीफिदी हसले. हंबीररावांनी मान खाजवली. "बरं. पर नंदाताई, तुमचं मशीन हारलं तर हेच घ्यायचं. मग चकार शब्द न्हाय काढायचा."

"कबूल," ती म्हणाली आणि ड्रॉइंगांच्या कपाटाकडं वळली.

तिनं मुद्दाम सगळ्यांत वंगाळ ड्रॉइंग बाहेर काढलं, तेलकट आणि चुरगळलेलं. मुंबईच्या मशीननं ते सर्रकन गिळून बाहेर टाकलं. पुण्याच्या मशीनचा कारभार रडतखडत. आडवं टेबल, वर कॅमेरा, बाजूला दिवे. कापड हातानं पसरा, दिवे जुळवा, मग फोटो.

"अशानं कपाट संपेस्तोवर दिवाळी उजाडेल," मुंबईवाला म्हणाला. हंबीररावही हसले. नंदिनीला त्या दोघांचा असा राग आला म्हणता!

दुपारी दोन्ही फिल्मा धुऊन आल्या. नंदिनीनं घरून पंतांना आणून बसवलं आणि प्रोजेक्टरमधून मुंबईच्या मशीनची फिल्म मोठी करून चुन्याच्या भिंतीवर टाकली. शाईच्या रेघा काळ्याभोर आल्या होत्या. पेन्सिल मात्र गायब, तेलाच्या डागानं पार खाल्लेली.

"झ्याक दिसतंय की!" हंबीरराव म्हणाले.

नंदिनीनं पुण्याच्या मशीनची फिल्म लावली. डाग फिका झाला होता आणि शाईशेजारी काहीतरी करडं उमटलं होतं. पंत खुर्चीवरून उठले, चाचपडत भिंतीपाशी गेले, अक्षरांवर हात ठेवला.

"अगं, हे माझंच अक्षर! वितीएवढं झालंय!" आणि ते मोठ्यानं वाचायला लागले, "'इथं दोन सूत कमी. घासतंय.' हंबीरराव, या दोन सुतांपायी तुमच्या वडिलांनी मला भर कारखान्यात झापलं होतं हो!"

हंबीरराव भिंतीजवळ जाऊन ते दोन सूत स्वतः वाचून आले. मग त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "ए, मुंबईचं मशीन गाडीत चढवा रं! हेच ऱ्हाणार!"

"अन् नारळ?" मुंबईवाल्यानं विचारलं.

"खोबरं तुम्हीबी खाल्लंय की, पावणं!"

सगळा कारखाना खदखदून हसला. नंदिनीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. जिंकली होती ती! आता एकही आकडा जळणार नव्हता. पंत मात्र भिंतीजवळून हलायला तयार नव्हते.

"नंदे, हसतेस काय नुसती? आणखी ड्रॉइंगं उतरव. आज मला सगळं वाचायचंय."