खुशाल सरांनी सुचवलेले टायर

इचोड्याची दुकानं मागे पडली, जीपनं हायवेवर वेग घेतला, आणि मागच्या बाकड्यावर बसलेल्या खुशाल सरांच्या पायाखालून तो आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग जाड, मग एकसारखा घुमणारा. सरांनी उघडलेलं पुस्तक मिटलं. या आवाजात वाचन होत नाही हे त्यांनी अजून कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

"घ्या, सुरू झाली पेटी," पुढच्या सीटवरून रविकांत सर म्हणाले. "खुशाल सर, आज कोणता राग आहे?"

मधल्या सीटवरच्या दीपमाला मॅडम हसल्या नाहीत. कपाळावरचं टेंगूळ उतरलं होतं, तरी त्यांचा हात मधूनमधून तिथं जायचाच. सुवर्णा गाडी चालवत राहिली.

पिंपरगुड्याच्या शाळेत हे तीन शिक्षक. इचोड्याहून नेरडीगोंड्याच्या दिशेनं हायवे, मग फाटा, मग घाटाची दगडगोट्यांची चढण आणि वर गेल्यावर ओढ्याकाठची शेतं, असा रोजचा रस्ता. जीप सुवर्णाच्या नवऱ्याची, पंढरीची. त्याच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून तीच चालवायची. लग्नसराईत एखादं भाडं मिळे, बाजाराच्या दिवशी दोन पोती माल मिळे. पण बारमाही बसणारी माणसं ही तीनच.

जुने टायर हायवेचे होते. डांबरावर लोण्यासारखे पळायचे आणि घाटातल्या धारदार दगडांवर कुशीतून फाटायचे. गेल्या पावसाळ्यात इतक्यांदा पंक्चर झालं की सुवर्णा रडकुंडीला आली. शाळेत पोचून मोबाईलवर चेहरा दाखवल्याशिवाय हजेरी लागत नाही, आणि हजेरी चुकली की रविकांत सरांचा सगळा राग तिच्यावर निघायचा.

तेव्हा खुशाल सरांनी टायरांचा अभ्यास केला. त्यांनी आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण अडचण आली की त्यावरचं वाचायचं, एवढंच त्यांना येत होतं. कित्येक संध्याकाळी ते चष्मा कपाळावर चढवून मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. त्यांची बायको द्वारकाबाई म्हणाल्या, "रिटायर व्हायच्या वक्ताला टायरची परीक्षा देऊन राह्यले का?" शेवटी एका सकाळी, गाडीत इतर कुणी बसायच्या आत, त्यांनी सुवर्णाला हळूच सांगितलं, "ते ऑल-टेरेन म्हणतात ना, ते घे. डांबरावरबी चालते, दगडावरबी, चिखलातबी."

सुवर्णाला त्यांनी पाचवीत शिकवलं होतं. सर सांगतात म्हणजे ते खरंच असणार, असं तिनं तेव्हा जे मनाशी धरलं होतं ते तसंच राहिलं होतं. तिनं एक शब्द न विचारता चारही टायर बदलले.

दगडांचं त्यांनी सांगितलेलं खरं निघालं. त्या दिवसापासून घाटात एकदाही पंक्चर नाही. पण झालेल्या गोष्टीची माणूस तक्रार करतो, न झालेल्या गोष्टीची आठवण कोण ठेवतं? हायवेवर आवाज वाढला. डिझेल जास्त लागू लागलं. गाडी कडक झाली, डांबराची प्रत्येक शिवण कमरेला कळू लागली. आणि मागच्या आठवड्यात, बारीक भुरभुर असताना, धाब्यांपाशी एक ट्रक आडवा आला. सुवर्णानं वेळेत ब्रेक दाबला, पण ओल्या डांबरावर जीप थांबता थांबता आणखी हातभर सरकली. ट्रकला लागली नाही. दीपमाला मॅडमचं कपाळ मात्र समोरच्या सीटच्या दांडीवर आपटलं.

तेव्हापासून रविकांत सर देवानंदाशी बोलत होते. देवानंदानं इचोड्यात नवीन गाडी आणली होती. गार हवेची, मऊ गादीची. "सोमवारपासून नेतो म्हणते तो. आज संध्याकाळी हो का नाही सांगाचं आहे," त्यांनी त्या सकाळी, शुक्रवारी, गाडीत बसतानाच सर्वांदेखत सांगून टाकलं होतं. रविकांत सर आणि मॅडम दोघंही गेले तर एकट्या खुशाल सरांसाठी जीप घाटात नेणं परवडणार नव्हतं. मग जीप विकणं आलं. सुवर्णानं चावी फिरवली.

सरांना तो सगळा रस्ता सुया टोचल्यासारखा गेला. आपण कशाला बोललो? कुणी विचारलं होतं?

दसरा होऊन गेला होता, तरी रात्री पावसानं झोडपून काढलं होतं. उमललेला कापूस भिजून बोंडाला चिकटला होता. फाट्यावरून आत वळल्यावर थोड्याच वेळात चढण लागली. पाण्यानं माती वाहून नेली होती, नुसते दगड वर आले होते. सुवर्णानं गियर बदलला. चाकं दगडावर टेकायची, पकड घ्यायची आणि सावकाश वर सरकायची. कुठं घसरणं नाही, फिरणं नाही. दीपमाला मॅडम खिडकीबाहेर खाली पाहत म्हणाल्या, "अरे वा, चढली की."

खुशाल सरांना राहवलं नाही. "त्या टायरच्या ठोकळ्यांना कडा असतात ना, त्या दगडाला..." ते म्हणाले, आणि रविकांत सर मागे वळून पाहू लागले तसे मध्येच गप्प झाले.

बरं झालं गप्प झाले ते. वरच्या सपाटीवर ओढ्यानं रस्ता तोडला होता. बैलगाड्यांनी शेताच्या कडेनं वाट पाडली होती, तिथून जीप घातली, आणि चार गाड्यांच्या लांबीइतकी जाऊन ती थांबली. इंजिन ओरडत होतं, चाकं फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती. मग मागची चाकं खाली बसली.

सर्व उतरले. खुशाल सरांनी वाकून चाकाकडे पाहिलं. टायरवर खाचा म्हणून काही उरल्याच नव्हत्या. काळी माती खाचांमध्ये गच्च भरली होती, वरून आणखी थर चढला होता; चारही चाकं गुळगुळीत मातीचे गोळे झाली होती. गोळा मातीला काय पकडणार?

"सर," रविकांत सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडत म्हणाले, "चिखलातबी चालते म्हणे ना?"

खुशाल सरांनी मोबाईलवर पाहिलेल्या चित्रांतला चिखल पातळ होता, वाळूचा. चाकावरून फवारा उडवणारा. लिहिणाऱ्यांनी कापसाची जमीन पाहिली नव्हती, त्यांचा काय दोष? पण त्यांनी स्वतः तर पाहिली होती. लहानपणी बापाबरोबर दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाताना हीच माती त्यांच्या चपलांना चिकटे, पावलागणिक जड होई, आणि शेवटी चपला हातात घेऊन अनवाणी चालावं लागे. ज्या मातीत पाय फसले तिच्याबद्दल त्यांनी मोबाईलला विचारलं आणि स्वतःच्या पायांना विचारायचं राहून गेलं.

"सुवर्णा, चुकलं माझं," ते म्हणाले. "या मातीचा विचारच केला नाही मी."

"राहू द्या सर. या मातीत बैल बसते, टायरचं काय घेऊन बसले?" सुवर्णा म्हणाली, पण तिचा आवाज कोरडा होता. ती काठीनं खाचांतली माती उकरू लागली.

दीपमाला मॅडमनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रचलेल्या मागच्या सालच्या पऱ्हाट्या आणल्या. खुशाल सर कापसाच्या त्या वाळलेल्या काड्या मोडून चाकापुढं घालू लागले. मनात एक वाक्य घोळत होतं, पण ते ओठांवर आणायची हिंमत होईना. एकदा बोलून एवढं रामायण झालं होतं. शेवटी ते चाकाकडे पाहतच पुटपुटले, "थोडी हवा कमी केली तर... टायर पसरते म्हणतात. जमिनीवर जास्त टेकते."

"आता हवाबी काढता का सर?" रविकांत सर हसले. "मंग चाकंच काढा. डोक्यावर घेऊन जाऊ."

सुवर्णा काठी टाकून उभी राहिली. "किती काढू?"

"नक्की सांगता येत नाही मला."

"अंदाजानं सांगा."

"चाक जरासं बसल्यासारखं दिसंल, एवढी. जास्त नको, नाहीतर रिमवरून निघंल."

तिनं चारही चाकांची हवा फुस्स करून थोडी थोडी सोडली आणि स्टिअरिंगवर बसली. तिघांनी मागून जोर लावला. पहिल्यांदा काही झालं नाही, फक्त रविकांत सरांच्या शर्टावर छातीपासून खाली चिखलाचा पट्टा उमटला. दुसऱ्यांदा पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या, जीप कण्हल्यासारखी करून हातभर सरली, आणि तिसऱ्या जोराला धुऱ्यावरच्या गवतावर चढली. टायरनं काढली, पऱ्हाटीनं काढली की तिघांच्या खांद्यांनी, ते खुशाल सरांना कळलं नाही. हजेरी मात्र चुकली होती. चिखलानं माखलेले तीन शिक्षक पाहून पोरं तोंड दाबून हसली, ती दिवसभर.

संध्याकाळी परतताना सुवर्णानं कुणाला विचारलं नाही. ओढ्याअलीकडे गाडी थांबवून म्हणाली, "उतरा. रिकामी काढतो." तिघं धुऱ्यावरून चालत गेले, आणि रिकामी जीप कडेच्या गवतावरून हळूहळू पार झाली. घाट उतरताना दगड जाणवलेच नाहीत. कमी हवेची चाकं दगड जणू पोटात घेत होती.

फाट्यावर पंक्चरचं एक टपरीवजा दुकान होतं. सुवर्णानं तिथं गाडी लावली. अशा मऊ चाकांनी हायवेवर पळालं की टायर तापतात, हे खुशाल सरांनी घाट उतरतानाच सांगितलं होतं. दुकानदारानं नळी लावली. "फुल्ल भरू ना अक्का? मागच्या टाइमाले तूच म्हणली होती."

"थांबा," खुशाल सर म्हणाले. "आधी फुल्ल भरली होती का?"

"जास्त हवा, कमी डिझेल म्हणून." सुवर्णा ओशाळली.

"म्हणूनच कडक लागत असंल. कदाचित. गाडीच्या दारावर आकडा असते, तेवढीच भर." सरांनी 'कदाचित' पुन्हा एकदा म्हटलं.

दुकानदार दाराच्या कडेला वाकून तो आकडा शोधू लागला, तोवर रविकांत सरांनी खिशातून मोबाईल काढला. देवानंदाला सांगायची वेळ झाली होती. सुवर्णानं हवेच्या मीटरकडे पाहायचं सोडून त्यांच्या बोटांकडे पाहिलं.

"रविकांत सर, एक मिनिट," खुशाल सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला आणि ते स्वतःच दचकले. "फोन करायच्या आधी ऐकून घ्या. या टायरांचं मी अर्धवट सांगितलं होतं, आता पुरतं सांगतो. हायवेवर आवाज येणारच. हवा नीट केली तर गाडी थोडी मऊ होईल, आवाज जाणार नाही. डिझेल जास्त लागंल. ओल्या डांबरावर ब्रेक उशिरा लागते. मॅडम, तुमच्या कपाळाचं माझ्यामुळं झालं. पावसात वेग कमी ठेवला नाही तर पुन्हा होऊ शकते. दगडावर चांगले आहेत. काळ्या मातीत फसतात, तिथं उतरून चालावं लागंल. बस, एवढेच आहेत हे टायर. याच्यापेक्षा चांगलं काही मला सांगता येत नाही."

बोलून झाल्यावर त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. सरांना वाटलं, झालं. देवानंदाचं काम आपणच करून दिलं. मदत करायला गेलो आणि उरलंसुरलं गिऱ्हाईकही आपल्याच तोंडानं घालवलं.

रविकांत सरांनी फोन हातातच ठेवला. "आणि देवानंदाच्या गाडीचं काय? त्याचंबी सांगा ना."

"मी बसलो नाही तिच्यात. मला माहीत नाही."

"मला विचारा," दीपमाला मॅडम म्हणाल्या. "मी काल त्याला विचारलं, घाटात काय करशील? म्हणाला, काही टेन्शन नाही मॅडम. पावसात? काही टेन्शन नाही. ओढ्यापाशी? तिथंही काही टेन्शन नाही. त्याच्या गाडीत काही खोटच नाही, रविकांत सर. मला तर तेव्हाच टेन्शन आलं."

दुकानदार फिसकन हसला. रविकांत सरांनाही हसू आलं, पण त्यांनी ते चिखलाच्या शर्टाकडे पाहून आवरलं. "म्हणजे तुमी यातच बसणार?"

"हळू चालवणार असतील तर." मॅडम सुवर्णाकडे वळल्या. "ओल्या रस्त्यावर नक्की हळू?"

"नक्की. पण मंग सकाळी लवकर निघा लागंल." सुवर्णानं मान वर केली. "रविकांत सर, तुमाले सांगून राह्यली. तुमीच उशिरा येता."

"बायको डबा उशिरा देते, मी काय करू?"

"बायकोले फोन करा मंग. देवानंदाले काऊन करता?"

आता दुकानदारासकट सगळेच हसले. रविकांत सरांनी मोबाईलकडे पाहिलं, अंगठ्यानं काहीतरी दाबलं, आणि फोन कानाला न लावता परत खिशात टाकला. गाडीत चढता चढता मागे न वळता विचारलं, "सोमवारी किती वाजता?"

सुवर्णानं वेळ सांगितली. मग तीच वेळ पुन्हा एकदा, ठणकावून सांगितली.

खुशाल सर मागच्या दाराशी उभे होते. शेवटच्या चाकात हवा भरून झाली तशी सुवर्णा त्यांच्याजवळ आली. "सर, तुमी एकेक खोट सांगत होते ना, तवा वाटलं तुमच्या तोंडावर हात ठेवावा." मग ती म्हणाली, "आता हे पाहा, मागची चाकं ठीक दिसते का?"

सर गुडघ्यावर हात टेकून वाकले. आधी एका चाकाकडे पाहिलं, मग पलीकडे जाऊन दुसऱ्याकडे.

"नक्की नाही सांगता येत," ते म्हणाले. "या चाकात जरा जास्त वाटते. पुन्हा मोजून पाहू?"

"मोजू ना," सुवर्णा म्हणाली, आणि तिनं दुकानदाराला मीटर परत आणायला सांगितलं.