लिंबू चाकाखाली, माप तसंच

बजरंग मेकॅनिकने इंजिनातली ऑइल मोजायची काडी ओढून नाकाशी धरली आणि तोंड फिरवलं. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. इंजिन गेलं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मला महिनाभर आधीच कळलं होतं. पण डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलेल्या जुन्या भागाला विचारतो कोण?

मित्रांनो, मी एक जुना इंजेक्टर आहे. तुमच्या करंगळीएवढा. इंजिनात पेट्रोलचा बारीक फवारा सोडणं हे माझं काम. आम्ही चौघे भाऊ, चार सिलिंडरांना चार. किती वेळ उघडायचं ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. तो सांगेल तेवढाच वेळ आम्ही उघडतो. आमच्यात बढाई नाही आणि आळसही नाही. माणसांचं तसं सांगता येत नाही.

आमची गाडी सत्यशीलाबाईंची. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या इमारतीत गाडी चालवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांचे यजमान वैजनाथराव कारखान्यात तीस वर्षं मशीन चालवून निवृत्त झाले, पण गाडीचं चाक त्यांनी कधी हातात धरलं नाही. बाईंनी एकदा मोकळ्या मैदानात त्यांना शिकवायला नेलं. गाडी तीनदा बंद पडली. मागे उभी असलेली पोरं हसली आणि वैजनाथराव खाली उतरले.

"अहो, बसा परत. पोरं काय, कोणालाही हसतात."

"उद्या बघू."

"तुमचा उद्या कुठल्या वारी येतो, तेवढं सांगा."

तो उद्या काही आला नाही. बाई मात्र सकाळी गाडी सुरू करून मिनिटभर थांबत, टाकी कधी तळाला जाऊ देत नसत आणि दर दसऱ्याला पूजा करून कात्रजपर्यंत एक फेरी मारत. तेरा वर्षं आम्ही चौघे एका सुरात चाललो. मग बाईंना आजार झाला. सात महिन्यांत त्या गेल्या.

वर्षभर घरात सण नव्हता. गाडी धूळ खात उभी होती. वैजनाथराव रोज खाली येऊन तिच्यात बसत, बाजूच्या सीटवर, आपल्या नेहमीच्या जागी, आणि पट्टा लावून. गाडी काही हलत नसे.

त्यांचा मुलगा शंभू आयटीत कामाला. तो म्हणाला, "बाबा, ही स्लो आहे. एक तर विकू, नाहीतर मी ट्यून करून घेतो." विकायचं नाव निघताच वैजनाथरावांनी दुसरं कबूल केलं. गाडी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

शंभूने मोठे इंजेक्टर मागवले. जांभळ्या रंगाचे, चकचकीत. पेट्रोलचा फवारा रंगीत टोपी घालून जास्त चांगला पडतो, असं त्याला कोणीतरी मोबाइलवर सांगितलं असावं. बजरंगने आम्हाला काढलं आणि शंभूने आम्हाला पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात भरून कप्प्यात ढकललं. बसवताना बजरंगने एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगितली.

"काका, कॉम्प्युटरमधलं माप अजून जुनंच आहे. सोमवारी बोलवा, घरी येऊन ते बदलून देतो. तोवर गाडी हलवायची नाही."

कळलं ना, मित्रांनो? भाजीत दोन चमचे मीठ घाल, असं सांगितलं आणि चमच्याच्या जागी डाव ठेवला, तर भाजीचं काय होईल? कॉम्प्युटर जुन्याच वेळेइतकं उघड म्हणणार आणि मोठे इंजेक्टर भसाभस पेट्रोल ओतणार. हे तिसरीतल्या मुलालाही समजेल. म्हणूनच मोठ्यांना समजलं नाही.

कारण सोमवारच्या आधी दसरा आला. वैजनाथरावांनी बाईंसारखीच पूजा केली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं.

"घे पुढं," ते शंभूला म्हणाले.

"बाबा, बजरंगने नको सांगितलंय."

"लिंबू न चिरडता कुठं पूजा पुरी होते? दोन फूट घे."

लिंबू चिरडलं. मग ते आत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "तिनं एक दसरा चुकवला नाही. कात्रजला चल."

कात्रजपर्यंत काळा धूर सोडत गाडी गेली आणि परतही आली. "चालतेय की!" शंभू म्हणाला. पूजा झाली, म्हणजे जणू इंजिनलाही पटलं! सोमवार गेला, पुढे दिवाळी आली. सायलेन्सरमधून फटाके वाजायला लागले, तर मित्र टाळ्या पिटायचे. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, तर शंभूने त्याच्यावर स्टिकर चिकटवला. काय लिहिलं होतं त्यावर? 'आईचा आशीर्वाद'.

जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन नेत होतं. लोखंडावर लोखंड घासत होतं. बिचारे जांभळे इंजेक्टर! मी त्यांना खूप हसलो, पण त्यांचा गुन्हा नव्हता. ते सांगितलं तेवढा वेळच उघडत होते.

बजरंगने काडी पुसून ठेवली. "काका, सोमवारी मला का नाही बोलावलंत?"

"भंगारातच देऊ आता," शंभू म्हणाला. "माझंच चुकलं."

"तुझं नाही. फेरी मीच मारायला लावली." वैजनाथरावांनी बोनेटवर हात ठेवला. "भंगारात नाही. जुने इंजेक्टर आहेत ना? ही होती तशी कर."

बजरंगने खोका उघडून आम्हाला मोजलं. "साफ करून, फवारा तपासून बसवतो. इंजिन मात्र पूर्ण उघडावं लागेल. पण काका, चालवणार कोण? शंभू?"

"मी."

"येते का तुम्हाला?"

"शिकायची आहे."

मित्रांनो, नवीन भाग जरूर बसवा. पण ज्याच्या हाताखाली तो काम करणार, त्याला आधी नवीन माप सांगा. आणि सांगणाऱ्याने थांबा म्हटलं तर थांबा. नारळ फोडल्याने माप बदलत नाही.

याला तीन महिने झाले. इंजिन उघडंच आहे. आम्ही चौघे अजून साफ झालेलो नाही. वैजनाथरावांना अजून गाडी चालवता येत नाही.