काढूनही न सुटलेली डिस्क

त्या रविवारी लेकीने, गार्गीने, पुण्याहून फोन केला, तेव्हा वामनराव मलकापूरच्या घरी कॉम्प्युटरवर ओव्या ऐकत बसले होते. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी संपल्यावर गावोगाव हिंडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या टिपल्या होत्या. साऱ्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या एकाच डिस्कवर.

"थांब बाई, हे थांबवतो आधी." मग जरा वेळाने, "तुह्याबिना करमत नाही इथं."

गार्गीने विषयच बदलला. "बाबा, डिस्क तशीच उपसत जाऊ नका. आधी अनमाउंट करा, कॉम्प्युटरला ती सोडू द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेरवीनंतर ती कॉम्प्युटरपुढे बसली. डिस्कवरच्या काही फायली उघडत नव्हत्या, आणि दुसरी प्रत नव्हती. तपासणीसाठी डिस्क अनमाउंट करायला हवी होती. कॉम्प्युटरवरच्या लिनक्सने नकार दिला: वापरात आहे. स्क्रीन तर रिकामी. वैतागून तिने 'आत्ता यादीतून काढ, सोडव नंतर' असा हुकूम दिला. डिस्कचं नाव यादीतून गेलं. तपासणीचा प्रोग्राम मात्र पुन्हा तेच म्हणाला: वापरात आहे. डिस्क जिथे दिसायची त्या फोल्डरमध्ये कोण आहे, तिने विचारलं. उत्तर: कोणीच नाही. मग वापरतंय कोण?

"बंद करून चालू कर ना ते मशीन," तिची आई पुष्पाबाई म्हणाल्या. "एवढी शिकली अन् हे नाही सुचत?"

"नको आई." बाबांनी चालू ठेवलेलं आपल्या हाताने बंद करायचं तिच्या जिवावर आलं होतं.

चालू प्रोग्रामांची सगळी यादी काढली, तर त्यात गाण्यांचा प्लेअर होता. खिडकी कुठेच दिसेना.

"आई, बाबा ओव्या कुठे लावायचे?"

"दुसऱ्या डेस्कटॉपवर. म्या एकदा चुकून बंद केल्या, तवापासून माह्यापासून लपवून ठेवत." आई हसली.

त्याच स्क्रीनवरचा दुसरा, आड लपलेला डेस्कटॉप गार्गीने समोर आणला. प्लेअर तिथेच होता, जानेफळच्या तानाबाईंच्या ओवीत मध्येच थांबलेला. तिच्या फोनसाठी थांबवलेला. तो बंद केला की डिस्क सुटणार होती.

तिने तो आधी सुरू केला. जात्याची घरघर, तानाबाईंच्या खोकल्याची उबळ, आणि बाबांचा आवाज: "सावकाश म्हना, तानाबाई. मी आहो इथंच."

बंद करायच्या बटणावरून तिने बोट उचललं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मलेबी तुमच्याबिना करमत नाही."