करंगळीला आवर

आत्या पुस्तकं बांधते. कागद कापायच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. मी तिला लाकडी बोटं करून दिली होती. मनगट वाकवलं की एक दोरी ओढली जायची आणि बोटं मिटायची. पण चारही बोटांच्या दोऱ्या मी एकाच कडीला बांधल्या होत्या. पुस्तक धरलं की मधलं बोट आधी टेकायचं आणि सगळा ताण त्याच्याच दोरीवर यायचा.

"एकटं राबतंय बिचारं. बाकीची तिघं पाहुण्यासारखी बसलीत," आत्या म्हणाली.

माझे दोन प्रयत्न फसले होते. तिसऱ्यांदाही जमलं नाही, तर बांधणीचं टेबल वहिनीला शिवणकामाला द्यायचं, असं तिने सांगून टाकलं होतं. वहिनी मापसुद्धा घेऊन गेली होती.

मी कडी काढून दांड्या बसवल्या. दोन छोट्या दांड्या, प्रत्येकीच्या टोकांना एकेका बोटाची दोरी. त्या दोन्ही आपापल्या मध्यावर एका मोठ्या दांडीच्या दोन टोकांना टांगलेल्या आणि मोठीच्या मध्यावर मनगटाची दोरी. एक बोट टेकून थांबलं की दांडी कलते आणि शेजारचं बोट पुढे जातं. घरी मी बाटली धरली, डबा धरला, जाड शब्दकोश धरला. ताण चौघांवर सारखा.

आत्याने शिवायला एक लहान वही उचलली, आणि ती निसटली.

वही पंज्यापेक्षा अरुंद होती. करंगळीखाली काहीच नव्हतं, म्हणून ती रिकामीच मिटत गेली. दांडी पार कलली आणि मनगटाची सगळी ओढ तिथेच संपली. मी घरी धरलेली प्रत्येक वस्तू पंज्याहून रुंद होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

करंगळीची दोरी सोडून टाकते, मी म्हटलं.

"जाड पुस्तकाला ती लागते गं," आत्या म्हणाली. "काढू नकोस तिला. आवर घाल."

मी मोठ्या दांडीवर, प्रत्येक छोट्या दांडीच्या दोन्ही अंगांना एकेक खिळा ठोकला. आता छोटी दांडी कलणार, पण खिळ्यापर्यंतच. त्यापुढची ओढ बाकीच्या बोटांना मिळणार.

आत्याने पुन्हा वही धरली, घडीतून सुई घातली आणि दोरा कचकन ओढला. वही हलली नाही. दुसरा टाका घातला, मग तिसरा. चौथ्या टाक्याला थांबून तिने डोळे बारीक केले.

"टेबल जरा खिडकीकडे सरकव," ती म्हणाली. "इथे उजेड पुरत नाही मला."