कमाल चार तास

आमच्या घरात भांडणं मिटवायचं काम माझ्याकडे आहे, कारण मी शाळेत गणित शिकवते आणि माझा आवाज मोठा आहे. त्या रविवारी भांडण बाबांवरून होतं. म्हणजे दादा एकटाच भांडत होता. वहिनी आतल्या खोलीत बाबांना पेज भरवत होती आणि मध्येच "हळू बोला" म्हणत होती.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना एकटं सोडता येत नाही. दादा पंपघरात पहिल्या पाळीला असतो, येण्याजाण्यासकट सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घराबाहेर. सहानंतर घर भरलेलं असतं, प्रश्न मधल्या दहा तासांचा. आजवर ते वहिनीच बसून काढत होती. ती पूर्वी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. बाबा आजारी पडले आणि तिने काम सोडलं, कोणी सोड म्हणायच्या आधीच. आता कारखान्याने तिला परत बोलावलं होतं. वेळ येण्याजाण्यासकट बारा ते सहा, आणि हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दादाचं म्हणणं, मग बाबांना देखभाल केंद्रात ठेवू. बाबांना ते नको होतं. त्यांना नीट बोलता येत नसलं तरी "नको" स्पष्ट येतं.

"बोलून तोंडाची वाफ दवडू नका," मी म्हटलं. "असमानता मांडू आणि आलेख काढू. उत्तर असेल तर दिसेल."

"इथेही शाळा?" दादा कुरकुरला. पण मी पिशवीतून आलेखाचा कागद काढलासुद्धा. मला वाटतं, माणसं एकमेकांवर ओरडतात, रेघेवर ओरडत नाहीत.

वहिनी देईल ते तास क्ष, मी देईन ते य. कागदाला अक्ष दोनच असतात आणि दादा तर कामावर, तेव्हा त्याला धरलाच नाही. दोघींचे मिळून दहा किंवा जास्त व्हायला हवेत. एका अक्षावरच्या दहाकडून दुसऱ्यावरच्या दहाकडे तिरपी रेघ ओढली. कुठली बाजू धरायची ते शून्य-शून्य घालून बघायचं. आम्ही दोघींनी शून्य तास दिले तर शून्य दहापेक्षा मोठं होत नाही, म्हणजे ती बाजू बाद, पलीकडची घ्यायची. माझी शाळा अडीचला सुटते, म्हणून मी तीन ते सहा बसू शकते. य तीनपेक्षा जास्त नाही. आडवी रेघ, खालची बाजू.

"वहिनी," मी ओरडले, "तुझे कमाल तास किती?"

"चार," आतून लगेच उत्तर आलं.

आठ ते बारा, बरोबर. चारवर उभी रेघ ओढली आणि डावी बाजू रंगवली. खाली कोपऱ्यात एक छोटा चौकोन तयार झाला. तिरपी रेघ त्याच्यापासून कितीतरी लांब, मध्ये नुसता पांढरा कागद. सगळ्या अटी पाळणारा एकही बिंदू नव्हता.

"उत्तर नाही," मी म्हटलं.

"बघ!" दादा म्हणाला. "मी म्हटलं तर वाईट, आता गणितच म्हणतंय. केंद्राला फोन करतो." त्याच्या सुरात सुटल्याचा आनंद होता आणि मला त्याचा भयंकर राग आला. पण आलेख माझाच होता.

वहिनी वाटी घेऊन बाहेर आली आणि कागदावर वाकली. आयुष्य कापडावरच्या खुणा बघण्यात गेलेलं, तिला रेघ चटकन दिसते.

"ताई, ही बाजू का रंगवली? माझी उजवीकडची ना?"

"कमाल चार म्हणालीस ना?"

"हो. कमाल म्हणजे कमीत कमी."

"कमाल म्हणजे जास्तीत जास्त! कमीत कमी म्हणजे किमान."

"अगंबाई," ती म्हणाली. "कमाल, कमी... मी म्हटलं तसंच असेल. नोकरी केली तरी चार तास मी देणारच. त्यावर लागतील तेवढे देईन. नोकरीचं काय, नको म्हणून कळवता येईल."

रेघ तीच राहिली, फक्त बाजू बदलायची होती. मी डावीकडचं खोडलं आणि उजवीकडे रंगवायला लागले. लगेच जागा सापडली. वहिनी सात आणि मी तीन, वहिनी आठ आणि मी दोन, हवं ते घ्या.

"सुटलं की!" दादाने मांडीवर थाप मारली. "बाबा घरीच."

वहिनी "हं" म्हणाली आणि कारखान्याला नकार कळवायला फोन शोधू लागली. मी रंगवतच होते. नऊ, दहा, बारा, पंधरा. उजवीकडे अडवणारी रेघच नव्हती. कागद संपला म्हणून माझी पेन्सिल थांबली. वीस वर्षं मी मुलांना असं क्षेत्र शिकवते, "अमर्याद" म्हणते आणि पुढच्या उदाहरणाकडे वळते. आज मला ते बघवेना. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण मीही आता सुटकेचा श्वास टाकणार होते.

"फोन राहू दे," मी म्हटलं. "कमाल म्हणजे काय ते आता कळलं ना? मग नीट विचार करून सांग, तुझी कमाल किती?"

तिने एकदा दादाकडे बघितलं, एकदा बाबांच्या दाराकडे.

"असं मला कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. आणि मग, "चार."

"अगं, पण मग पुन्हा उत्तर नाही ना!" दादा उसळला. "चार आणि तीन सात. बारा ते तीन कोण बसणार?"

वहिनीने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि डावी बाजू परत रंगवली, सावकाश, काठाला काठ लावून.

"तुमची दुसरी पाळी पाचला सुरू होते, चारपर्यंत तुम्ही घरीच," ती त्याला म्हणाली.

"पाळी बदलून मागायची? मी?"

वहिनी कारखान्याचा नंबर लावत माझ्याकडे वळली.

"ताई, मला कमाल कळलं. आता ह्यांना किमान समजावून सांगा."