ताईची डबी

तिने डबी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावण्याआधी रोजच्यासारखंच मनात म्हटलं, ताई, आले गं.

डबीत तिच्या थोरल्या बहिणीच्या गाठीतल्या पेशी होत्या. ताईनंच सही करून त्या प्रयोगशाळेला दिल्या होत्या. "तेवढंच तुला काम," असं वर म्हणालीही होती. ताईला जाऊन वर्ष होत आलं. केमोनं या पेशींची वाढ थांबली होती, पण त्या मेल्या नव्हत्या. म्हाताऱ्या होऊन, अंग पसरून ठाण मांडून बसल्या होत्या. ताईच्या अंगातही असंच झालं होतं. गाठ वाढायची थांबली म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं, आणि या गप्प बसलेल्यांनी शेजारणींचे कान भरून त्यांना पुन्हा वाढीला लावलं.

हे सगळं ठाऊक असूनही त्यांना खायला घालताना तिचा जीव गलबलायचा. ताईचं जिवंत असं एवढंच उरलं होतं.

संध्याकाळी भावोजींचा फोन यायचा.

"कशी आहे?"

"आहे तशीच."

कोण, हे दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

काल प्रयोगशाळेच्या मॅडमनी नवं औषध दिलं होतं, फक्त म्हाताऱ्या पेशी मारणारं. "हे काम दुसऱ्या कुणाला सांगू का?" असंही त्यांनी विचारलं होतं. ती नको म्हणाली होती.

आज डबी जवळजवळ मोकळी होती.

"एकूण एक गेल्या?" मॅडमनी मागून विचारलं.

कडेला एक होती. ताई खिडकीशी बसायची तशी, रुंद आणि निवांत. हो म्हटलं असतं तर डबी गुपचूप परत कपाटात ठेवता आली असती. तिला तसं म्हणायचं होतं, फार म्हणायचं होतं.

"एक उरलीय," ती म्हणाली. "पुन्हा औषध घालते."

दुसऱ्या दिवशी ती दुपारभर मायक्रोस्कोपपाशीच बसून राहिली. डबी धुवायला टाकली आणि फोन वाजला.

"कशी आहे?"

"गेली, भावोजी."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"तू होतीस ना जवळ?"

"होते."

"बरं झालं," ते म्हणाले. "तेव्हा दवाखान्यात आपण दोघंही खाली चहा घेत होतो."